रविवारची गोळी आणि गेंदलालच्या गावची मंडई

तिरोड्याला गाडीतून उतरलो तेव्हा डॉक्टरांनी प्रवासात लावायला सांगितलेला पट्टा मानेला होता. पायाखालचं दिसत नव्हतं, त्यामुळे फलाटावरच एका बाईच्या शिंगाड्यांच्या टोपलीत माझा पाय गेला.

"खाली पाहून चाल ना गा, बुढ्या!"

"खालीच तर पाहता येत नाही, बाई."

ती हसली आणि तिनं अर्धा किलो शिंगाडे माझ्या गळ्यात मारले. ते सोलत मी ऑटोनं बोदलकशाकडे, माझा मित्र गेंदलाल याच्या गावी निघालो. दोन्हीकडे धानाची कापणी चालली होती. मध्येच झाडांमागून तलावाचं पाणी चमकायचं. शिंगाडे गोड होते, पण दोनच खाऊन बाकीचे पिशवीत टाकले.

मला आमवात आहे, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा, जन्मभर सांभाळायचा आजार. त्यासाठी दर रविवारी मी डॉक्टरांची गोळी घेतो. तरीही तीन वर्षांपूर्वी गेंदलालच्या गावच्या मंडईत (दिवाळीनंतरची जत्रा) मी चारचौघांत सांगितलं, की गोळ्याबिळ्या काही नाही, एका मालिशवाल्यानं मानेला झटका दिला आणि दुखणं पळालं! शाळेत जन्मभर कवायत शिकवली. गोळ्यांवर चालतो म्हणायची लाज वाटली.

गेंदलाललाही हाच आजार. माझ्या शब्दावर त्यानं गोळ्या सोडल्या आणि मानेला झटका घेतला. हाताला मुंग्या आल्या त्या कायमच्याच. पुढे बोटंही वाकडी झाली. यंदा त्याला विळा धरवत नाही, असं त्याच्या बायकोनं, कमलावहिनींनी, फोनवर सांगितलं. म्हणून हा प्रवास.

त्याच्या घरी पोचलो तर ताटात भात आणि तलावातल्या मासोळ्यांचा रस्सा. मी म्हणालो, "आधी ऐका, मग जेवू." आणि सगळं सांगून टाकलं.

गेंदलालनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "तीन वर्षं मले उल्लू बनवलंस ना गा, मास्तर! अना मी येडा, तुही मान पाहून गोळ्या बोडीत फेकल्या!" (बोडी म्हणजे शेतातलं तळं.)

"तरीच मासोळ्या बारीक झाल्या," वहिनी म्हणाल्या. "त्याह्यची बी सूज उतरली."

आधी गेंदलालच हसला. पण जेवण झाल्यावर त्यानं बजावलं, "मले सांगून काय होते? जिथं खोटं बोललास तिथंच सांग."

दुपारी यंदाच्या मंडईत दंडार (इकडचं लोकनाट्य) रंगली होती. मी माईक मागून घेतला. पट्टा बघून लोकांना वाटलं, हेही एक सोंगच. मी म्हणालो, "मी खोटं बोललो होतो," की हशा. "खरंच सांगतो," म्हणालो, तर शिट्ट्या.

तेव्हा गेंदलाल वर चढला. नुसता वाकड्या बोटांचा हात वर धरला. हशा थांबला. मग मी सांगितलं, की या आजारात मानेची हाडं सैल होऊ शकतात, झटका घ्यायचा नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही.

"मंग मानेले करतेस काय?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

मी कपाळाला तळहात लावून दाखवला. डोकं न हलवता हलकेच दाबायचं, मोजायचं, सोडायचं. "मला हे शिकवलंय, तुम्ही मात्र विचारूनच करा," असं सांगेपर्यंत ढोलकीवाल्यानं ताल धरला होता आणि निम्मी मंडई कपाळाला हात लावून बसली होती. इतकी आनंदी कवायत मी शाळेत कधी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गोंदियाला गेलो. डॉक्टरीणबाईंनी गेंदलालची बोटं बघितली. "गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"

गेंदलाल छताकडे बघू लागला.

"मी," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. बाकीचं सांभाळता येईल. दर महिन्याला यांना तुम्हीच घेऊन यायचं."

"नागपूरवरून?"

"आता फसलास गा, मास्तर!" गेंदलाल खूश होऊन इतक्या मोठ्यानं ओरडला, की बाहेरचा कंपाउंडर डोकावून गेला.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. त्या बोटांचा भार माझ्यावरच राहील, आणि राहावा. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका माणसाला दर महिन्याला माझी गरज आहे. भंडारा रोड यायच्या आत मी पुढच्या महिन्याच्या गाडीची वेळ शेजारच्या प्रवाशाला विचारून घेतली.