खिंडीतला रोजा

बिही हा माझा धाकटा दीर. कासाब्लांकात काकाच्या दुकानात साबण विकायचा आणि रमजानात आमच्या ॲटलस डोंगरातल्या गावी येऊन छाती फुगवून फिरायचा. त्या उन्हाळ्यात माझा नवरा इद्दर मेंढरं घेऊन खिंडीपलीकडच्या कुरणात होता. त्याला पीठ पोचवायला मी निघाले. बिहीही निघाला, न विचारता.

"वहिनी, तुम्ही या रांगत. मी दुपारच्या आत खिंडीवर!"

"बोलताना धाप लागणार नाही एवढंच चाल. रोजा आहे, पोटात काही नाही."

"हे मला बायकांनी शिकवायचं?"

गेला उड्या मारत. मी पिठाचं ओझं पाठीवर घेऊन, नाकानं श्वास घेत, पावलापुढे पाऊल टाकत राहिले.

खिंडीखाली तो दगडाला टेकलेला दिसला. ओठ निळे, घाम गार. थोडी ओकारीही झाली होती.

"जिकर करत बसलोय, अल्लाचं नाव घेत," म्हणाला. जीभ जड झाली होती.

"बरं. आता खजूर खा आणि पाणी पी. आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक कुठायत? दोन कावळे आहेत."

त्यानं आधी कावळ्यांकडे पाहिलं, खरंच! मग माझे सगळे खजूर संपवले. संध्याकाळी मी रोजा सोडायला ठेवलेले होते ते. त्याला जरा तरतरी आल्यावर मी पुढे आणि तो माझ्या पावलात पाऊल टाकत मागे, असे खिंड ओलांडून गेलो.

कुरणात पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. धनगर गरम सूपाचे वाडगे घेऊन बसले होते. बिहीनं वाडगा ओढला.

"दादा, वहिनींना वाटेत चक्कर आली. त्यांच्यासाठी थांबावं लागलं. नाहीतर मी थुंकीसुद्धा न गिळता कधीच आलो असतो!"

धनगर वाहवा म्हणाले. इद्दरनं काळजीनं माझ्याकडे पाहिलं. मी रोजा सोडला, पाण्यावर.

"ह्याला विचारा," मी म्हटलं, "आज खिंडीत मोडलेला रोजा ईदनंतर कधी भरून काढणार?"

सूप त्याच्या नाकात गेलं. खोकत राहिला. धनगर एकमेकांकडे बघून हसायला लागले. इद्दर मात्र हसला नाही. त्यानं आपल्या वाडग्यातलं सूप माझ्या वाडग्यात ओतलं.

परतीच्या वाटेवर बिही पूर्ण वेळ माझ्या मागे होता. गावाची घरं दिसली तसा मला ओलांडून पुढे धावला. त्यानं तो रोजा अजून भरलेला नाही. आणि रोज्यात डोंगर कसा चढावा, हे तो आता दुकानात गिऱ्हाइकांना शिकवतो म्हणे.