त्यांच्या डोळ्यांचा फोकस

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही ठेवायची इच्छा नाही. मी शाळेत सायन्स शिकवलं. असे अनुभव वाचून "बीपीची गोळी चुकली असेल" म्हणणाऱ्यांतली मी... आता माझंच ऐका.

नेरूळला टॉवर्सच्या मागे खाडीलगत एक तळं आहे. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की तुतवार, चिखल्या असले काठाकाठाने चरणारे पक्षी तळ्यात येऊन बसतात. पावसाळा सरत आला की उत्तरेकडून त्यांचे पहिले थवे उतरतात. मी आणि माझे मिस्टर, सुहास, दर रविवारी तिथे जायचो — दोघांत एक स्कोप, ट्रायपॉडवरची लांबचं बघायची दुर्बीण. नियम ठरलेला. ज्याला पक्षी सापडेल त्याने हात मागे बांधून बाजूला व्हायचं, म्हणजे स्कोप हलत नाही. पण यांच्या चष्म्याचा नंबर जाडजूड, आणि बघायचे चष्मा कपाळावर चढवून. त्यामुळे यांनी लावलेला स्कोप मला कायम धूसर दिसायचा. मी फोकसची रिंग फिरवली की हे वैतागायचे.

"घातलास घोळ? आता मला परत आंधळं केलंस."

हे माघात गेले. हार्ट अटॅक. हॉस्पिटलपर्यंतही थांबले नाहीत, की मला काही बोलले नाहीत.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मी पहिल्यांदा एकटी गेले. समोरच्या काठावर चिखल्या होत्या, त्यांच्यावर स्कोप लावला, ट्रायपॉडचा स्क्रू घट्ट केला आणि थर्मास काढायला बाकाकडे वळले. तिथे सारसोळ्याच्या हिरामावशी चिंबोऱ्यांची टोपली घेऊन टेकल्या होत्या. आमची नेहमीची ओळख.

"बाय, आज एकलीच? मानूस कुटं हाय तुजा?"

सांगितलं.  माझ्या पाठीवर हात ठेवून मावशी म्हणाल्या, "चा पी आदी."

चहा पिऊन परतले तर स्कोप तिवरांच्या झाडीकडे वळलेला. डोळा लावला — सगळं धूसर. हात आपोआप रिंगवर गेला... आणि समोर लाल मानेचा फॅलरोप. भर समुद्रात राहणारा हा पक्षी, वाऱ्याने भरकटला तरच इकडे येतो. पाण्यावर भिंगरीसारखा गोल गोल फिरत होता. यांनी आयुष्यभर शोधला, कधी दिसला नाही.

"अहो, बघा ना," म्हणत मी हात मागे बांधून बाजूला झाले.

शेजारी कोणीच नव्हतं.

"मावशी, स्कोपला कोणी हात लावला का?"

"कोन नाय आला बाय. मी इथंच हाय."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मला धूसर दिसत होतं, कारण तो फोकस यांच्या डोळ्यांना लावलेला होता. आणि मी मेली सवयीने तो फिरवून मोकळी झाले. रिंग उलटी फिरवून पाहिली, पण किती फिरवली होती ते काही केल्या आठवेना. मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून मी भरपूर रडले.

स्क्रू सैल राहिला असेल, वाऱ्याने स्कोप वळला असेल, रिंगला माझाच धक्का लागला असेल... स्वतःला सगळं समजावून झालं. पटत मात्र काहीच नाही.

अजूनही दर रविवारी जाते. स्कोप लावते, पाठ करून चहा पिते, मग येऊन डोळा लावते.

दर वेळी सगळं अगदी स्वच्छ दिसतं.