तीन खोल्या आणि एकच फोल्डर

ते प्रकरण आठवलं की आजही माझी चिडचिड होते, आणि ती बरीचशी स्वतःवरच.

कापसाच्या पडझडीची ती वर्षं. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात मी ठाणेदार होतो. त्या हंगामात गावोगावी बियाणं उगवलंच नव्हतं. त्याचे पंचनामे झाले आणि त्यावरचे अहवाल कृषी खात्याच्या एका कचेरीत टाइप होऊन पडले होते. ते वर गेल्याशिवाय विक्रेत्यावर कारवाई होणार नव्हती. मुदतीला आठ दिवस उरले असताना सगळे अहवाल कॉम्प्युटरवरून गायब झाले.

तक्रार आली. पाठोपाठ खबऱ्या आला. "साहेब, तिथली ऑपरेटर बाई बियाणेवाल्याच्या गाडीवरून उतरतानी पाह्यली म्या."

मला तेवढं पुरलं. बाई तिशीतली, कंत्राटी. महिला शिपायाला शेजारी बसवून मी तिला दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न विचारत राहिलो.

"तो माह्याच गावचा हाय, साहेब. एसटी हुकली म्हणून बसली. मी काहून मिटवीन?"

"फायली तुमच्याच कॉम्प्युटरवर होत्या ना?"

"होत्या. पन फोल्डर शेअर केलेलं हाय. तिन्ही खोल्यांतून उघडते. तिकडून कोनी मिटवलं तं इकडूनबी जाते. रिसायकल बिनमंदीबी सापडत नाही."

"दुसऱ्या खोलीतला माणूस तुमच्या मशीनला हात न लावता फाइल मिटवतो? भानामती आहे का?"

जबाब लिहिणाऱ्या रायटरला मी लिहायला सांगितलं : उडवाउडवीची उत्तरे देते.

कचेरीत विचारावं, तर तिन्ही खोल्यांतली तिघंही छातीठोक सांगत, "फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर होतं." एक वस्तू तीन ठिकाणी कशी असेल? माझं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी यवतमाळहून एक कॉम्प्युटरवाला बोलावला. त्याने केबल दाखवली. तिन्ही मशीन एकमेकांना जोडलेली होती. बाईच्या मशीनवर त्याने एक कोरी फाइल ठेवली, भांडारपालाच्या खोलीत जाऊन उडवली आणि मला परत बाईच्या टेबलापाशी आणलं. फाइल नव्हती. रिसायकल बिनही रिकामं.

भांडारपाल दारात उभा होता, निवृत्तीला आलेला. त्याचा चेहरा उतरला.

"मशीन हळू चालत होती, साहेब. मले वाटलं, माह्यापाशी नक्कल हाय, अस्सल बाईपाशी. म्या जागा साफ केली."

"मग इतके दिवस तोंड का नाही उघडलं?"

"चोरी झाली म्हनत होते सारे. म्या कुठं चोरी केली?"

त्याचा जबाब मी लिहून घेतला.

मी स्वतः बाईच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. हाताने लिहिलेले पंचनामे कचेरीतल्या गठ्ठ्यात शाबूत होते, पण ते वेळेत टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती आली. रोज सकाळी पहिल्या गाडीने येऊन मान वर न करता टाइप करत राहिली. मुदतीच्या दिवशी अहवाल गेले आणि तिने कचेरीच्या साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

मी अडवलं तेव्हा म्हणाली, "शेतकऱ्याइचं काम होतं, ते झालं. सारे माह्याकडं चोरासारखं पाह्यतात. आता मले इथं बसवत नाही, साहेब."

नोकरीत मला खोटं बोलणारे पुष्कळ भेटले. त्या बाईने पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगितलं होतं. मला समजलं नाही, म्हणून मी ते खोटं ठरवलं. पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे सांगत आलो : न कळलेली गोष्ट जबाबात बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहा, आणि शेजारी स्वच्छ नोंद करा, "मला कळले नाही."