वहिनीचं नाक

आमच्या वहिनीचं नाक चोंदलं आणि घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. गाय गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि तिचा हिरवा चारा वहिनीच्या नाकावर चालायचा.

गाडी ठेवायच्या खोलीत वहिनी तो मातीशिवाय पिकवते. मोड आलेला मका ट्रेमध्ये पसरायचा, दिवसातून चार-पाचदा पाणी फवारायचं. आठव्या दिवशी वीतभर हिरवळ आणि खाली मुळांची जाड चटई. पण तिथल्या ओलीत बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि डोळ्यांना दिसायच्या आधी ती नाकाला कळते. म्हणून वहिनी रोज सकाळी प्रत्येक ट्रे हुंगायची. नाकाच्या शेंड्याला मक्याचं टरफल चिकटवून चहाला यायची आणि आम्ही हसायचो.

सर्दी गेली, वास मात्र परतला नाही. मग तिला सगळ्याच ट्रेंचा संशय यायला लागला. चांगला चारा उकिरड्यावर, गाय अर्धपोटी. दादाचं नाक तपकिरीने केव्हाच कामातून गेलेलं. मी हुंगून पाहिलं, तर मला सगळे ट्रे सारखेच.

उरली आई. तिने तीन वर्षं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. "मातीशिवाय चारा? उद्या पाण्यात गायी पिकवाल!" हे तिचं ठरलेलं बोलणं. वहिनी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आई, माझ्याने होत नाही हो. गायीचं काही बरंवाईट झालं तर? तुम्ही वास घ्याल?"

आई पदर खोचून उठली. एकेक ट्रे हुंगत चौथ्यापाशी थांबली. तो तर सगळ्यांत हिरवागार होता.

"हा कुबटलाय, फेक. बाकीचे घाल खुशाल. आणि मका नीट धुतेस का गं?"

गाय सुखरूप व्याली, कालवड झाली. आई आता चहाच्याही आधी खोलीत हजर असते. "माझ्यावाचून यांचं पान हलत नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

परवा ट्रे घासताना वहिनी हळूच म्हणाली, "भावजी, मला वास यायला लागून महिना झाला. कुणाला बोलू नका."

मला हसू आवरेना. तेवढ्यात आतून आईची हाक आली, "अगं, हा तिसरा बघ. येतोय का काही वास?"

"नाही हो आई," वहिनी हात पुसत उठली, "तुम्हीच सांगा."