फोन वाजतोय, उचलता येईना

धारूरच्या डोंगराला लागून असलेल्या त्या वस्तीवर दिवाळी सरली की माणूस सापडत नाही. दारांना कुलपं लागतात आणि राखणीला म्हातारी माणसं नि शेळ्या उरतात. बाकी सगळी ऊस तोडायला, कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. यंदा मागं राहिली होती छबुबाई, आणि दोन घरं सोडून तात्याबा. तात्याबाच्या कानाशी नगारा बडवला तरी तो 'राम राम' म्हणायचा, आणि फोन त्याने कधी हातात धरला नव्हता.

छबुबाईला भित्री म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. तिने बावीस हंगाम कोयता चालवला होता. पाचटात नाग निघाला तर बाकीच्या बाया किंचाळत पळायच्या, ही कोयत्याने पाला बाजूला सारून म्हणायची, "जा बाबा, तुजं काम कर." पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि ती घरी बसली. पण एका गोष्टीचं भय तिच्या हाडात होतं. तिची आई वारली तेव्हा ती फडात होती, आणि निरोप पोचायला सतरा दिवस लागले. आणला एका ट्रॅक्टरवाल्याने, तोही टायरात हवा भरता भरता सांगितला. सतरा दिवस आपण हसलो, जेवलो, जावेशी भांडलो आणि आई नव्हतीच, हे तिला आजही सोसत नाही. तेव्हापासून तिला वाटायचं, वाईट गोष्ट घडून गेलेली असते, फक्त आपल्याला कळलेली नसते.

यंदा तर लेकाबरोबर सांगलीकडं गेलेली सून पोटुशी होती. दिपालीला तेव्हा सातवा होता. "तिला ठिव की रं घरी," छबुबाई लेकाला म्हणाली होती. पण ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. एकट्या गड्याला टोळीत कुणी घेत नाही. उत्तरेश्वर खाली बघत म्हणाला, "संक्रांत झाली की आनून सोडतो आई. नवव्यात हितंच असंल ती." आणि जाताना त्याने आपला टच फोन आईच्या हातात ठेवला; स्वतः तो टोळीच्या मुकादमाच्या फोनवरून बोलणार होता. वर जाडजूड काळं रबरी कव्हर. हिरवं दिसलं की बोट असं वर सारायचं, हे त्याने सात वेळा शिकवलं. "आन कव्हर काढू नगंस. पडला तर काच जाईल," हे आठव्यांदा.

वस्तीवर रेंज घरात येत नाही. ती येते परसातल्या लिंबाच्या दुबेळक्यात, दोन फांद्या फुटतात तिथे. म्हणून सगळी वस्ती फोन पिशवीत घालून झाडाला अडकवते आणि कान तिकडे ठेवून भाकऱ्या थापते. छबुबाईही तसंच करायची. पण पौष लागला आणि आवाज तुटायला लागला. दिपाली काही सांगायची, तर 'आत्या… पोट… रातीला…' एवढंच यायचं. पुढचं काय ते छबुबाई रात्रभर जुळवत बसायची. आता संक्रांत चार दिवसांवर होती. नववा लागलेला.

विचार करून तिने कारण शोधून काढलं. कारण काय, तर कव्हर! एवढं जाड रबर. घोंगडीत डोकं गुंडाळल्यावर माणसाला ऐकू येतं का? मग फोनला कसं यावं? तिने कव्हर सोलून काढलं आणि घरात खुंटीला अडकवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला तो अगदी स्वच्छ. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय! पण छबुबाईला वाटलं, आपण लेकाच्या शहाणपणाच्या वर कडी केली.

ही कडी तीन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती शेळीची धार काढत होती आणि झाडावर फोन वाजला. ती तशीच उठली, दुधाने ओल्या हाताने पिशवीतून फोन काढला, आणि तो उघडाबोडका गुळगुळीत फोन बोटांतून निसटून थेट धुण्याच्या दगडावर गेला. पडताना आवाज झाला तो बारीकच. उचलून बघते तर काचेची चाळणी आणि आत सगळा अंधार.

आणि तेवढ्यात तो हातातल्या हातात पुन्हा वाजायला लागला.

जिवंत होता! तिने बोट वर सारलं. खाली सारलं. आडवं, उभं, कोपऱ्यात. हिरवं कुठे असतं तेच दिसेना. बोटाला काच लागली, रक्त आलं, तरी ती सारत राहिली. फोन वाजून थांबला. परत वाजला. परत थांबला. एका संध्याकाळी इतके फोन उत्तरेश्वरने कधीच केले नव्हते. चांगली बातमी एकदा फोन करते आणि नाही उचलला तर उद्या करते. असा धोशा लावते ती वाईटच.

धारूरला जायला सकाळशिवाय जीप नव्हती. रात्र तिने फोन परत दुबेळक्यात ठेवून लिंबाखालीच बसून काढली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. दिपाली अडली असेल, मूल आडवं आलं असेल, बैलगाडीतून नेत असतील, दवाखाना लांब असेल. किती वेळा वाजला ते तिला मोजता येईना. पहाटे वाजायचा थांबला, आणि थांबल्यावर तर तिच्या तोंडचं पाणीच पळालं. आता सांगण्यासारखंही काही उरलं नसेल का?

दिवस उगवताच ती दुखऱ्या गुडघ्यांनी डोंगर उतरून सडकेला लागली. जीपमध्ये फोन दोनदा वाजला. शेजारची बाई म्हणाली, "अवो मावशी, उचला की. कवाधरनं वाजतोय."

"न्हाई उचलता येत," छबुबाई म्हणाली आणि फोन छातीशी धरून पदराने झाकला. बाईला वाटलं, घरात भांडण झालेलं दिसतंय. ती बापडी दुसरीकडे बघायला लागली.

धारूरच्या बाजारात चाँदभाईचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, पंख्याएवढं रुंद. चाँदभाईने भिंगातून फोन बघितला आणि जीभ चावली. "कव्हर न्हवतं का मावशी?"

"व्हतं. मी काढलं."

"कावून?"

छबुबाईने कारण सांगितलं. दुसरा कुणी हसला असता. चाँदभाई हसला नाही, कारण तिच्या बोटावर सुकलेलं रक्त त्याला दिसत होतं. "काच बीडहून मागवावी लागंल, दोन दिस," तो म्हणाला. "पर तुमी नंबर सांगा. माज्या फोनवरनं लावून देतो आत्ता."

नंबर! छबुबाईचे डोळे विस्फारले. नंबर तिला कुठला पाठ? मुकादमाचा नंबर लेकाने एका चिठ्ठीवर लिहून दिला होता, मोठ्या अक्षरांत, अडीनडीला कुणालाही दाखवता यावा म्हणून. आणि ती चिठ्ठी त्याने फोन आणि कव्हराच्या मधे सरकवून ठेवली होती, जशी सगळेच ठेवतात. म्हणजे चिठ्ठी खुंटीला, कव्हराच्या पोटात. ती मटकन स्टुलावर बसली.

"बरं, ऱ्हाऊ द्या," चाँदभाई म्हणाला. "यातलं शिमकार्ड काढतो, माज्या फोनात घालतो. दोन मिंटाचं काम हाय."

"काढायचं न्हाई!" ती एवढ्यांदा ओरडली की समोरचा केळीवाला वळून बघायला लागला. "त्याच दोन मिंटात फोन आला तर?"

"मावशी, परत येईल की."

"न्हाई आला तर? कालपासनं येतोय, आता कमी झालाय. मी न्हाई बंद करू देनार." आणि तिने फोन ओढून घेतला. तिला कळत होतं की आपण अडाण्यासारखं करतोय. पण कळणं आणि भय यांची कधी गाठ पडते का?

"मग काय मंतर मारू का मी?" चाँदभाई वैतागला. मग त्याने खणात हात घातला, उलथापालथ केली आणि तार असलेला एक जुना हेडफोन काढला. त्याच्या तारेवर एक बारीक बटन होतं. त्याने ती तार फोनमध्ये खोचली आणि बोंडं छबुबाईच्या कानात घातली. "आता काचंला हात लावायचा न्हाई. वाजला की ह्ये बटन दाबायचं. बस्."

आणि फोन वाजेना. रात्रभर जिवाला खाणारा तो फोन आता मुका झाला. छबुबाई बटनावर अंगठा ठेवून बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, गिऱ्हाईकं येऊन गेली. चाँदभाईने चहा आणवला, त्यावर साय धरली. देवाचं नावही तिला घ्यावंसं वाटेना, घेतलं आणि उलटं झालं तर!

अकराच्या सुमाराला तो वाजला. तिने बटन एवढ्या जोरात दाबलं की नख पांढरं पडलं.

"आई! आई, हायेस का तू?"

"हाय रं बाबा, हाय. दिपाली कशी हाय? काय झालं?"

"तिला काय हुतंय? बरी हाय ती." आणि पलीकडून तिशीच्या गड्याचं हुंदके देऊन रडणं ऐकू आलं. "तुलाच काय झालं म्हनून… रातभर वाजतोय आन तू उचलीनास. वस्तीवर कुनी न्हाई. मला वाटलं घरात पडली असशील. मला वाटलं गेलीस तू."

छबुबाईचा जीव भांड्यात पडला. ती हसली, डोळे पुसले, चाँदभाईला मान हलवून खूण केली. तिच्यासाठी लेक रडत होता, आणि खरं सांगायचं तर तिला ते गोडही वाटलं. काचेचं सांगायला तिने तोंड उघडलं तेवढ्यात लेकाच्या आवाजामागून एस्टीचा भोंगा ऐकू आला.

"तू कुठनं बोलतोस रं?"

"कुर्डुवाडीच्या पुढं आलोय. पहाटंच निघालो. येतोय तुझ्याकडं."

"आन ती?"

"कोपीवर हाय."

"कोन हाय तिच्यापशी?"

"टोळी फडात गेली आई. सांजंला येतील की समदी."

"फोन?"

"फोन एकच हाय की. मुकादमाचा मागून घेतलेला. माज्यापशी हाय."

छबुबाईने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायांच्या गोष्टी लेकांना कोण सांगतं? उत्तरेश्वर झाला तो फडाजवळच्या अशाच कोपीत, पाचटाच्या झोपडीत, भर दुपारी, टोळी कोसभर लांब असताना. हाका मारून तिचा घसा बसला होता. नाळ तिने स्वतःच्या हाताने कोयत्याने तोडली होती, आणि माणसं आली ती दिवे लागल्यावर.

"उतर," ती म्हणाली.

"आई?"

"उतर खाली. मी मेले असते तर मेले असते, माती द्यायला तात्याबा हाय. तिच्याकडं माघारी फीर. आत्ताच्या आत्ता उतर!"

दुकानासमोर माणसं थांबून ऐकत होती. तारेतून उत्तरेश्वरचा आवाज आला, "मास्तर, थांबवा, थांबवा गाडी!" मग घंटी, मग ब्रेकचा आवाज, मग नुसता वारा.

"उतरलो आई. पर हितनं पोचायला दिवस मावळंल," तो घाबरून म्हणाला. "तू बोलत ऱ्हा माज्यासंगं."

काल तिन्हीसांजेपासून ती याच आवाजासाठी जळत होती. "बोलत काय उबा ऱ्हातोस?" छबुबाई म्हणाली. "ठिव फोन आन पळ."