खडूचा बाण

सुईबाई,

काल तुमची लेक येऊन गेली. ‘आई गेली,’ म्हणाली, चहा अर्धाच प्यायली, आणि उंबऱ्यातून वळून म्हणाली, ‘मॅडम, तिच्याबद्दल चार शब्द लिहा. तुम्हाला लिहिता येतं.’ चार शब्दांत मावणाऱ्या तुम्ही नव्हेत. शिवाय मी चांगलंच लिहीन असं तिनं परस्पर ठरवून टाकलंय, तेही मला आवडलेलं नाही. तरी लिहिते. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसा आणि मध्ये बोलू नका.

तर सुईबाई कापडाच्या कारखान्यात रफू करायच्या; मी तिथंच ऑफिसात टायपिस्ट. मागावरून उतरलेला तागा आधी तपासनिसाकडे जायचा. तो कापड उजेडात ओढून बघायचा, आणि जिथं धागे तुटून जाळी पडली असेल तिथं काठावर खडूनं बाण काढायचा. मग तागा सुईबाईंच्या टेबलावर. त्या त्याच कापडाच्या टोकातून एक धागा उपसायच्या, सुईत ओवायच्या आणि आडवा-उभा असा विणून टाकायच्या, की भोक कुठं होतं हे खुद्द तपासनिसाला सांगता येऊ नये. शेवटी बोट ओलं करून खडू पुसायचा. बाण दिसला की सुई, सुई झाली की बोट. यात विचार करायला जागाच नव्हती, आणि त्यांची ख्याती होती ती त्यामुळेच.

घर म्हणजे एक खोली, मधे पडदा. अलीकडे सुईबाई, पलीकडे लेक आणि जावई. नवरा वारून बराच काळ लोटला होता. जावयाला त्यांनीच शब्द टाकून कारखान्यात मागावर लावलं होतं. त्याचा हात अजून कच्चा. त्याचं कापड सुईबाई लांबून ओळखायच्या: डावीकडं ढिलं. त्यावर त्या तोंडातून अक्षर न काढता दुप्पट मन लावून सुई चालवायच्या.

‘सुईबाई, जावयाचे लाड चाललेत वाटतं!’ तपासनीस डिवचायचा.

‘लाड कसले रे? लेकीचा संसार शिवतेय.’

मग बाजार खुला झाला. पेपरांनी त्यावर अग्रलेखांचा रतीब घातला. मी थोडक्यात सांगते. बाहेरून येणाऱ्या कापडावरचा कर उतरवला, आणि आम्हाला जेवढ्यात नुसतं सूत पडायचं तेवढ्यात बाहेरचं तयार कापड दुकानात येऊन बसलं. लोकांनी ते घेतलं. का घेऊ नये? आमचा तपासनीस त्याचाच शर्ट घालून मिरवायचा. सुईबाईंच्या लेकीनं मधल्या पडद्याला तेच कापड आणलं.

‘आई, तू काही बोलू नकोस हं.’

‘मी कुठं बोलले? पडदा छान आहे. आमचा असता तर परवडला नसता.’

एकेक गिऱ्हाईक गळालं. मोठं असं एकच उरलं: गणवेशाचं कापड घेणारे दवाखाने. ती ऑर्डर गेली की मागांची एक रांग बंद, आणि जो शेवटी लागला तो आधी बाहेर. म्हणजे जावई. हे सुईबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

मालकांनी डोकं लढवलं. बाहेरच्या कापडाचा एक तागा मिळवला. बारकाईनं बघितलं, तर ठिकठिकाणी भोकं. बेत असा, की दवाखान्यांचे खरेदी अधिकारी आले की त्यांच्यापुढं तागा उलगडायचा, भोकावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘हे घालणार तुमच्या नर्सना?’ ऐन वेळी शोधाशोध नको म्हणून मॅनेजरनं स्वतः भोकांपाशी खडूनं बाण काढले. आणि तागा ठेवला कुठं? मोठ्या खिडकीखालच्या लांब टेबलावर, कारण तिथं उजेड चांगला. ते टेबल कुणाचं, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मी त्या वेळी मालकांच्या केबिनमध्ये दरपत्रक टाइप करत होते.

सुईबाई डबा खाऊन आल्या. समोर तागा, काठावर बाण. सूत हाताला जरा वेगळं लागलं, पण नव्या सुताची चाचणी चाललीय असं कानावर आलं होतं. आणि डावी बाजू ढिली! आज दवाखान्यांचे साहेब यायचे आणि आजच जावयानं ही घाण करून ठेवली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, खुर्ची ओढली आणि जन्मात घातली नसेल अशी सुई घातली. मग बोट ओलं करून सगळे बाण पुसले, तागा होता तसा ठेवला आणि देवाचे आभार मानले.

साहेब आले. माणूस सभ्य, पण घाईतला. मालकांनी तागा भर्रकन उलगडला.

‘स्वस्त कापड म्हणजे काय, ते डोळ्यांनी बघा साहेब.’

साहेबांनी बघितलं. ‘काय बघू?’

‘भोकं!’

मॅनेजर वाकला. मालक वाकले. तागा इकडून तिकडं झाला, तिकडून इकडं झाला. मॅनेजरनं चष्मा काढला, पुसला, घातला. ‘इथंच होती. मी बाण काढले होते.’

‘मग बाण घेऊन पळाली की काय?’ साहेब म्हणाले. ‘अहो, चांगलं आहे की कापड. मला वाटलं होतं त्याहून चांगलं.’

सुईबाई टेबलाच्या टोकाशी उभ्या होत्या. बाण, भोकं, वेगळं सूत, सगळं एकदम डोक्यात जुळलं. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. त्या पुढं झाल्या.

‘साहेब, मी बुजवली.’

‘काय बुजवलं?’

‘भोकं. मला वाटलं, आमचंच कापड आहे.’

त्यांनी बोट ठेवलं. साहेबांनी टेबलावरचं भिंग उचलून बघितलं. ‘बाई, इथं काही नाही.’

‘आहे. थांबा, उसवून दाखवते.’ आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी सुईच्या टोकानं एकेक धागा उचलून ओढून काढला. करंगळी जाईल एवढं भोक उघडलं. ‘हे बघा!’

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. ‘अहो बाई, हे तर माझ्यादेखत तुम्हीच पाडलंत.’

मालकांनी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितका साहेबांचा चेहरा कोरडा होत गेला. ऑर्डर गेली. माझं मत विचाराल तर ती जाणारच होती. दरपत्रक मी टाइप केलं होतं. दरांत जी दरी होती ती भोकं दाखवून बुजणारी नव्हती. हे मी सुईबाईंना कितीदा समजावलं. ‘तुम्ही शिकलेल्या, तुमचं बरोबर असेल,’ म्हणायच्या. म्हणजे पटलेलं नाही.

कारखान्यात टवाळीला ऊत आला. ‘सुईबाई, तुम्हाला बाहेरच्या देशातून पगार येतो म्हणे?’ तपासनीस म्हणाला.

‘येतो तर. तुझ्याच शर्टात शिवून पाठवतात.’

मागांची रांग बंद झाली, जावई घरी बसला. तो रागावायचं सोडून जेवताना ‘आई, तुम्ही आधी घ्या’ म्हणायला लागला, आणि तेच त्यांना जास्त लागलं. लेक मात्र एक दिवस फाडकन बोलली, ‘एवढी भोकं बुजवलीस, एखादं ठेवायचं होतंस!’

‘अगं, मला वाटलं ती ह्याची आहेत.’

पडदा सरकला. जावई बाहेर आला. ‘माझं कापड एवढं वाईट असतं?’

‘वाईट नाही हो,’ सुईबाई म्हणाल्या. ‘डावीकडं जरा ढिलं असतं.’

मग आधी लेकीला हसू फुटलं, मग त्याला, आणि सुईबाई हसता हसता रडल्या. पुढं त्याला एका गोदामात काम मिळालं, बाहेरचे तागे उतरवून घ्यायचं. चूल चालू राहिली.

म्हणजे घरानं सगळं पचवलं. साहेबांचं ते हसू काही तुम्हाला पचलं नाही, सुईबाई. एकदा माझ्या दारात उभ्या राहिलात. ‘मॅडम, माझ्याबरोबर त्या साहेबांकडे चला. ऑर्डर नको, काही नको. त्यांच्यासमोर एक भोक बुजवते, एक उसवते. त्यांनी एवढंच म्हणावं, की बाई, भोक तुमचं नव्हतं.’

मी म्हटलं, चला. वेळही घेतली. नेमक्या त्याच दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या. मग बाळ जरा अंग धरू दे म्हणालात. मग माझा गुडघा. मग साहेबांची बदली. नवं ऑफिस शोधलं, तर ते वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद.

‘हा उन्हाळा जाऊ दे,’ गेल्याच महिन्यात तुम्ही म्हणालात.

‘जाऊ दे,’ मी म्हटलं.