खड्ड्यातली फांदी कोणी काढली?

मंडळी, आज दुपारी मोरव्याच्या वळणावर माझ्या गाडीचा टायर फुटला. फोटो ग्रुपवर टाकला, तर पहिलाच रिप्लाय आला, "तिथली फांदी कोणी काढली?"

मी हादरलोच! नव्वदच्या दशकात, ताईच्या लग्नात, याच वळणावर हाच प्रश्न ऐकला होता.

नवरदेव मित्राची लाल, परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन येणार होता. वळणावर मोठा खड्डा होता आणि लोकांना कळावं म्हणून त्यात कायम एक फांदी रोवलेली असायची. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही," म्हणत काकांनी ती उपटली आणि रस्ता झाडून घेतला. फुटक्या पाइपच्या पाण्याने खड्डा काठोकाठ भरलेला. वरून सगळं सपाट दिसत होतं.

धाडकन आवाज झाला. टायर फाटला, चकचकीत व्हील वाकडं झालं. बँड थांबला. नवरदेव मुंडावळ्या सावरत उतरला आणि चाकाकडे बघतच राहिला. "आता मित्राला काय सांगू?" एवढंच म्हणाला.

समोरचा दुकानदार ओरडला, "अरे, डाली किसने निकाली?" मग सगळेच तेच विचारायला लागले. काका गुपचूप गेले आणि फांदी परत रोवून आले. सगळ्यांना हायसं वाटलं.

आणि आज? रिप्लाय वाचून मीही पटकन लिहून टाकलं, "सॉरी, उद्या नवी लावतो."

पाठवल्यावर भानावर आलो, फांदी मी थोडीच काढली होती! इतक्या वर्षांत खड्डा बुजवायचं आपल्यापैकी एकालाही का सुचलं नाही हो?